तळावलीचे चर्च कोणाचे?

गेल्या वर्षीच्या सहलीत आपण गोवा पाहिला, म्हणजे नेमके काय पाहिले? जुन्या गोव्यात बस तासभर थांबली, ‘ही सगळी पोर्तुगीज कला’ असे कोणीतरी सांगितले आणि मंडळी किनाऱ्याकडे वळली. त्या वाक्याशी माझे भांडण आहे.

सुटीत मी पुन्हा गेलो, तो तिसवाडीतल्या तळावली गावचे सांत आनाचे चर्च पाहायला. १६८१ साली काम सुरू झाले, १६९५ मध्ये पुरे झाले. खेड्यात मान वर करून पाहावा असा पाच मजली दर्शनी भाग, दोन्ही अंगांना मनोरे. घाट युरोपातला, हे मान्य. पण चिरा आपल्या जांभ्याचा, गिलावा चुन्याचा आणि भिंती एवढ्या जाड की त्यांच्या पोटातून वाटा काढल्या आहेत. आत शिंपल्याच्या आकाराची नक्षी आणि सोनेरी वर्खाची लाकडी वेदी.

ही कोरीव कामे केली कोणी? १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीलाच! गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये प्रवचनाचे लाकडी व्यासपीठ खालून नागिणी तोलून धरतात. वर स्त्रीचा देह, खाली शेपूट. कोणी त्यांना जलपऱ्या म्हणतात. मला तरी त्या आपल्या देवळांतल्या नागिणींच्या सख्ख्या बहिणी वाटल्या. आणि ही उसनवारी एकतर्फी नव्हती; मंगेशीचा, कवळ्याचा घुमट आठवा.

एकदा ‘परक्यांचे’ म्हटले की जतनाची आच उरत नाही. जांभ्यावर सिमेंट फासले की ओल आत कोंडते. वर्खावर ऑइलपेंट चढवला की कोरीव पाकळी बुजते. एका गावी (नाव घेत नाही) मी असा रंगवलेला देवदूत पाहिला; त्याला बोटेच उरली नव्हती.

तळावलीत जुलैअखेर तवशांचे फेस्त भरते. सांत आना ही मेरीची आई, म्हणजे येशूची आजी. नवी जोडपी तिला तवसे वाहून मूल मागतात. या आजीला परकी कोण म्हणेल?

पुढच्या सहलीत तळावलीसाठी दोन तास राखून ठेवावेत, अशी सहलप्रमुख सरांना विनंती आहे. बॅटरी मात्र सोबत घ्यावी. वेदीच्या कोपऱ्यांतले काम अंधारात दिसत नाही.