टोकन देण्याआधी कंत्राटदार

जुना फ्लॅट घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि भाड्याने द्यायचा, असा बेत करणारे पुण्यात आधी एजंट गाठतात, मग बँक. कंत्राटदाराची आठवण होते ती खरेदीखताची नोंदणी उरकल्यावर. तोवर भाव ठरलेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करून घेण्याची संधी गेलेली असते. म्हणून माझा आग्रह आहे, टोकन देण्याआधी कंत्राटदाराला घर दाखवा.

बाथरूमच्या मागच्या भिंतीलाच ताजा रंग का, नहाणी ट्रॅप गळतो का, पाइप अजून जुने जीआयचेच आहेत का, हे त्याला दिसतं. त्याचा अंदाज हाती असला की भाव करताना बोलायला आधार मिळतो. इमारतीच्या सांगाड्याबद्दल मात्र त्याचा शब्द पुरेसा नाही. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार ते 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

चांगला माणूस शोधायचा तर हार्डवेअरच्या दुकानात विचारा. उधारी कोण वेळेवर फेडतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. त्या माणसाने केलेलं, एक पावसाळा काढलेलं काम जाऊन पाहा. घर बघायला बोलावलंत तर त्या फेरीचे पैसे द्या, त्याचा अर्धा दिवस मोडलेला असतो.

पहिल्याच भेटीत ‘चौरस फुटाला किती?’ हा प्रश्न नको. दर नुसत्या मजुरीचा की मटेरियलसह, राडारोडा कोण उचलणार, मापं कधी घ्यायची, प्लास्टरवर किती दिवस पाणी मारणार, हे आधी कागदावर येऊ द्या. पावसाळा संपेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची असेल, तर तेही तेव्हाच लिहा.

‘पुढची दहा कामं तुम्हालाच’ हे आमिष कंत्राटदाराने प्रत्येकाकडून ऐकलेलं असतं. त्याला दर आठवड्याला गवंडी-बिगाऱ्यांची खर्ची भागवावी लागते. तुमचं बिल अडकलं की त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि तुमचं रिकामं घर हप्ते खात बसतं. ठरलेल्या टप्प्याला, ठरलेल्या दिवशी पैसे द्या. कोणतं घर विकायला निघणार, याची कुणकुण कंत्राटदाराला अनेकदा एजंटच्याही आधी लागते. ती बातमी तो त्यालाच देतो, ज्याने त्याच्या माणसांची मजुरी कधी थकवलेली नाही.