सकाळचा ओळखीचा आवाज

दोस्तांनो,

सकाळी दप्तर भरताना तुमच्या घरात रोज कुणाचा आवाज असतो? कुणाकडे आजोबांची स्तोत्रं, कुणाकडे रेडिओ. एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही, की कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं! अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचा असाच एक सकाळचा आवाज होता. आज त्याचीच गोष्ट.

डब्ल्यूबीसीएन हे तिथलं रेडिओ केंद्र. आधी तिथं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लागायचं. मार्च १९६८ मध्ये एका रात्री तिथं रॉक वाजू लागलं. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमच्या दणक्यावरचं, तरुणांचं लाडकं संगीत. केंद्रात श्रोत्यांसाठी खास टेलिफोन होता. लोक फोन करून हवं ते विचारायचे. १९७० मध्ये हा फोन घ्यायला कोण बसायचं, ठाऊक आहे? बिल लिक्टेनस्टाईन नावाचा अवघ्या १४ वर्षांचा मुलगा! तोही बिनपगारी. पुढं मोठेपणी त्यानं याच केंद्रावर माहितीपट काढला.

सकाळी तिथं चार्ल्स लाक्विडारा बोलायचे. कार्यक्रमाचं नाव 'द बिग मॅट्रेस', म्हणजे 'मोठी गादी'. लोकांना झोपेतून उठवायचं आणि नाव मात्र गादीचं! आहे की नाही गंमत?

१९७९ मध्ये केंद्राला नवा मालक आला. त्यानं बऱ्याच जणांना कामावरून काढलं. बाकीच्यांनी लगेच संप पुकारला. श्रोते त्यांच्या बाजूनं उभे राहिले, जाहिरातदारही राहिले. सुमारे तीन आठवड्यांत मालकाला माणसं परत घ्यावी लागली. का बरं? कारण ती माणसं गावाला आपली वाटत होती.

मग अशा केंद्राला उतरती कळा कशी लागली? १९९६ पर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ केंद्रं ठेवता येत. त्या वर्षी नवा कायदा आला नि ही मर्यादा गेली. मोठ्या कंपन्या भराभर केंद्रं विकत घेऊ लागल्या. एकच कार्यक्रम अनेक गावांत लावला, की खर्च वाचतो ना! डब्ल्यूबीसीएनवर तर त्याच वर्षी सकाळची वेळ हॉवर्ड स्टर्न यांना मिळाली. ते बोलायचे न्यूयॉर्कमधून. त्यांना श्रोते पुष्कळ होते, हे खरं. पण बॉस्टनमध्ये पाऊस पडतोय का, हे त्यांना खिडकीतून कसं दिसणार? लाक्विडारा शहरातल्याच दुसऱ्या केंद्रावर गेले. २००५ च्या अखेरीस स्टर्नही उपग्रह रेडिओकडे निघून गेले. एव्हाना गाणी इंटरनेटवर मिळू लागली होती. गाण्यांसाठी रेडिओ लावायची गरज उरली नव्हती आणि गप्पा मारणारा आपला माणूसही राहिला नव्हता. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्र बंद झालं. जुने श्रोते हळहळले.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. आमच्या शाळेत परिपाठाला मुलं वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचतात. एकदा पावसाळ्यात एक मुलगी मध्येच म्हणाली, ''बाई, ओढ्याला पाणी आलंय. वाडीतली पोरं अजून आली नाहीत.'' मी म्हटलं, ''बातमी लिहून आणायची असते. खाली बस.'' तासाभरानं ती पोरं लांबच्या वाटेनं, नखशिखान्त भिजून आली. तेव्हा मला कळलं, की त्या दिवशीची सगळ्यांत महत्त्वाची बातमी तिचीच होती!

आता आमच्या परिपाठात शेवटची बातमी गावाची असते. कुणाची गाय व्याली, कुठला रस्ता खचला, कोण आजारी आहे. ती वाचायची नाही, बघून आलेल्यानं सांगायची. त्या वेळी वर्ग कसा कान देऊन ऐकतो म्हणून सांगू!

तुमच्या शाळेतही करून बघा. उद्याची तुमच्या गल्लीची बातमी काय? डोळे उघडे ठेवा नि मला पत्रानं कळवा हं!

तुमच्या,
बाई