भिंत बांधायच्या आधी बोलवा

कोल्हापुरात नवी इमारत पुरी होत आली की उद्घाटनाच्या तोंडावर मला फोन येतो. "ताई, लॉबीतली भिंत मोकळी दिसतेय, काहीतरी करून द्या." तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. भिंतीच्या मधोमध स्विचबोर्ड, बाजूला अग्निशामक नळीची लाल पेटी, दिवे भलतीकडेच. दरही चौरस फुटावर विचारतात.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यासाठी मी सिमेंटचं उठावशिल्प केलं. जाळी बांधून थरावर थर चढवले आणि पंचगंगेचा घाट उभा केला. एका पावसाळ्यातच घाटाच्या पायऱ्यांना लोणा लागला. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला यायची. भिंतीपलीकडे स्वच्छतागृह होतं आणि पाण्याचा पाइप त्याच भिंतीतून नेलेला. नकाशा टेबलावर असताना मला विचारलं असतं, तर मी दोनच गोष्टी सांगितल्या असत्या. पाइप दुसरीकडून न्या आणि बाजूला एक उभी खिडकी ठेवा. उठावाला तिरका उजेड लागतो. समोरून ट्यूबलाइट मारली की सावल्या जातात आणि सगळं काम सपाट दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: चित्रकार-शिल्पकाराला इमारत झाल्यावर नको, नकाशाच्या वेळी बोलवा.

कोल्हापूरला हे नवं नाही. चित्रकार आणि सिनेमाकार बाबूराव पेंटर मूळचे मिस्त्री. त्यांचे वडील कृष्णराव सुतारकामही करायचे, लोहारकामही करायचे आणि चित्रंही काढायचे. नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबूराव नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा बनवण्याच्या खटपटीला लागले. बांधणारा हात आणि रंगवणारा हात त्या घरात वेगळे नव्हतेच. वास्तुकार चार्ल्स मँटच्या नव्या राजवाड्यात दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. तिथे चित्रच खिडकी झालंय. खिद्रापूरचं तर काय सांगावं! तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात छताला गोल मोकळीक ठेवलीय आणि खालच्या खांबांवरचं कोरीवकाम त्या उजेडातच बघायचं. त्यातला वास्तुकार कुठला नि शिल्पी कुठला, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही.

हे जुन्या काळातच शक्य होतं, असं कुणी म्हणेल. मग मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाऊन बघा. १९६२ साली उद्घाटन झालेली ही पूर्णपणे आधुनिक इमारत. संस्थेचे संस्थापक होमी भाभांनी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी मागून घेतला. प्रवेशदालनासाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि त्यातून एम. एफ. हुसेन यांचं पंचेचाळीस फूट लांबीचं भित्तिचित्र तिथे आलं. पंढरपुरात जन्मलेला, सिनेमाचे फलक रंगवून मोठा झालेला चित्रकार अणुशास्त्रज्ञांच्या दारात! फ्रान्समध्ये शाळांच्या बांधकामासाठी एक टक्क्याचा नियम १९५१ पासून आहे.

माझे आर्किटेक्ट मित्र म्हणतात, चांगली वास्तू स्वतःच कला असते, तिला चित्राचं ठिगळ कशाला? पटतं मला. उघड्या दगडाची नेटकी भिंत असेल तर तिच्यावर काही करू नका, हे सांगायलाही चित्रकारच लागतो. पण आज आपल्या रस्त्यांवर काय दिसतं? निळी काच, चकचकीत एसीपीचे पत्रे आणि वर डिजिटल फ्लेक्स. यावर पैसा खर्च होतोच. पंचवीस कोटींच्या इमारतीत एक टक्का म्हणजे पंचवीस लाख. तेवढ्यात या शहरातला शिल्पकार, त्याचे मदतनीस आणि ओतकाम करणारा कारागीर यांना वर्षभर मन लावून काम करता येईल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा सगळं शहर हळहळलं. पुनर्बांधणीत ते होतं तसंच व्हावं हा आग्रह मलाही मान्य आहे. पण शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे थिएटर उभं केलं, तेव्हा गावात पडदे रंगवणारे कलावंत होते आणि ते रंगभूमीचाच भाग होते. आजच्या चित्रकारालाही तिथे जागा हवी, आणि ती नंतर टांगलेल्या तसबिरीपुरती नको.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं. त्याची कायमची इमारत अजून व्हायची आहे. तिथे कलेसाठीचा एक टक्का निविदेतच लिहावा. वास्तुकाराची नेमणूक होताना कलावंतही निवडावा, तोही खुल्या स्पर्धेतून. आलेले नमुने दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात आठवडाभर मांडावेत. लोक येतील, नावं ठेवतील, वाद घालतील. मग निवड करावी आणि त्यानंतरच भिंतींच्या जागा पक्क्या कराव्यात.