रेटिंग चौदाशे, पण कशाचं?



मागे सातवीतल्या एका मुलाचे वडील मोबाईल घेऊनच शाळेत आले. "सर, हे रेटिंग बघा ना, चौदाशेच्या वर गेलंय! मग स्पर्धेत सातपैकी दोनच गुण कसे?" मी मुलाला विचारलं, "हरलास तेव्हा तुझ्या घड्याळात किती वेळ उरला होता?" तो म्हणाला, "पन्नास मिनिटं." प्रत्येकाला वेळ होता एक तास!

जरा हिशोब करू. डाव चाळीस चालींचा धरला, तर ३ मिनिटांच्या डावात एका चालीला मिळतात साडेचार सेकंद. १० मिनिटांच्या डावात १५. आणि १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद असा डाव लावला, तर साधारण ३२. साडेचार सेकंदांत मूल विचार करत नाही, हाताला सुचेल ते खेळतं. घोडा फुकट गेला तरी खंत नसते, कारण समोरचाही घाईतच असतो. हरलेला डावसुद्धा शेवटी घड्याळावर जिंकता येतो. म्हणजे चूक करूनही गुण मिळतात, आणि माझा खरा आक्षेप इथंच आहे. १ मिनिटाच्या डावाबद्दल तर बोलायलाच नको. तिथं बोटांचा वेग आणि नेटची रेंज यांचीच परीक्षा होते.

शिवाय रेटिंग म्हणजे एकच आकडा नव्हे. फिडे २०१२ पासून संथ, रॅपिड आणि ब्लिट्झ अशी तीन वेगळी रेटिंगं देते. गंमत म्हणजे १० मिनिटांचा डाव चेसडॉटकॉमवर रॅपिडमध्ये मोडतो, तर फिडेच्या नियमात तोच ब्लिट्झ! तेव्हा "रेटिंग किती?" याच्याआधी "कशाचं?" हे विचारा.

तुम्ही म्हणाल, मोठे खेळाडूही झटपट खेळतातच की. खरंय. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले, आणि दिव्या जिंकली ती रॅपिडमध्ये. पण पाढे पक्के असलेल्या मुलानं तोंडी गणित झटकन सोडवावं, तसं आहे ते. आपली मुलं अजून पाढ्यांवर आहेत. झटपट डाव अगदी बंद करा असं मी म्हणत नाही. सुरुवातीच्या चाली घोटायला ते बरे, रविवारी एखादा खेळू द्या.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: रोज दोनच डाव, १५ अधिक १० चे. हरलेल्या डावात आपलं कुठं चुकलं ते आधी स्वतः वहीत लिहायचं, मगच कॉम्प्युटरला विचारायचं. पंधरा दिवसांनी वडिलांचा फोन, "सर, रेटिंग घसरलं हो!" घसरू दे म्हटलं.

परवा शाळेत त्याचा डाव तासभर चालला. हरलाच. पण एकविसाव्या चालीला उंट मागे घ्यायला हवा होता, हे मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं.