निंदणाच्या दिवसांत लेकराची वाटी

कापसाच्या भावासाठी आम्ही सभा घेतो, मोर्चे काढतो. उत्पादन खर्चात बियाणे, खत, फवारणी, बैलजोडीचा रोज, सारे मांडतो. घरच्या बाईचा निंदणाचा रोजही धरतो. पण त्याच दिवसांत तिच्या सात महिन्यांच्या लेकराने काय खाल्ले, ते कोणत्याच खात्यात येत नाही.

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. पुढे दूध चालू ठेवून दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा वरचे घट्टसर अन्न लागते. शिबिरात एवढे सांगायचे, बाईला अडाणी ठरवायचे आणि पाहुण्यांनी जीपमध्ये बसायचे, हे आम्ही पुष्कळ पाहिले. अडाणीपणाचा भाग थोडा आहे. ती सकाळी भाकरी बांधून निघते. लेकरू म्हातारीपाशी, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीपाशी. चहात बुडवलेले बिस्किट आणि पाण्यासारखी पेज, यावर संध्याकाळ होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळत होता.

संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. शेतातल्या बाईला पहिल्या बाळंतपणाला, तेही अटी घालून, ५,००० रुपये. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यावर निंदण कोण सोडेल? पंधरा दिवस हात लागला नाही तर तण पीक खाते, हे समजायला शेतकी कॉलेज लागत नाही.

आता पेजेचे. पीठ शिजले की फुगते, घट्ट होते, लेकराला गिळवत नाही. मग आपण पाणी ओततो. इवलेसे पोट पाण्यानेच भरते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. गहू रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात मोड आणायचे, उन्हात वाळवून दळायचे. ज्वारीचे, डाळीचे पीठ घट्ट शिजवून जरा निवू द्यायचे आणि ऊन असतानाच त्यात या पिठाचा एक चमचा ढवळायचा. पाणी न घालता पेज सैल होते. मग पुन्हा एक उकळी, वर चमचाभर तेल. डबा भरून ठेवला तर म्हातारीलाही हे जमते. मोड मात्र ज्वारीला आणू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर का दगावते ते तुम्हाला ठाऊक आहे. मोडातही तेच विष असते.

डाळ कुठून आणायची, असे विचाराल. बांधापासून बांधापर्यंत परहाटी लावल्यावर ती दुकानातूनच येणार. चार ओळी मूग आणि तूर घरासाठी राखा. त्या विकायच्या नाहीत.

अंगणवाडीत बसायची सोय तिसऱ्या वर्षानंतर, त्याआधी घरी न्यायचे पाकीट. निंदण आणि वेचणीच्या हंगामात गावात पाळणाघर हवे, ही मागणी भावाच्या मागणीच्याच कागदावर आली पाहिजे. ठरावाचा मसुदा जिल्हा बैठकीत ठेवत आहोत. त्याआधीच्या गावसभा रात्री स्वयंपाक आटोपल्यावर लावा, म्हणजे बायांना येता येईल.