कंदील कोणत्या रंगाचा लावावा?

गेल्या दिवाळीला आम्ही उभयता कामरगावाहून मुलाकडे शहरात गेलो होतो. शहराचे नाव सांगत नाही आणि त्याच्या सोसायटीचे तर मुळीच सांगणार नाही. पोराला तिथे राहायचे आहे. सौभाग्यवतीने बरोबर काय काय बांधून घेतले होते ते लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. पण त्या सामानात एक वस्तू माझी होती. माझ्या हातचा आकाशकंदील! बांबूच्या कामट्या, घरची खळ आणि लाल-हिरवा पतंगी कागद. चाळीस वर्षे मी तो करीत आलो आहे आणि चाळीस वर्षे त्याचा एक कोपरा वाकडा होत आला आहे.

जिन्यापाशीच फलकावर नोटीस लावलेली होती. सर्व सभासदांनी समितीने ठरवलेले पांढरे कंदीलच लावावेत. दारापुढे रांगोळी काढू नये, तळमजल्यावर एकच सामायिक रांगोळी काढण्यात येईल. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत. इमारतीची शोभा राखावी. सुनेने माझा कंदील कौतुकाने उचलला, फिरवून पाहिला आणि हळूच म्हणाली, "बाबा, आपण हा हॉलमध्ये लावू या." आकाशकंदील आणि हॉलमध्ये! नावातले आकाश तरी आधी काढून घ्यायचे होते.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याचा कंदील लागला नाही म्हणून तो चिडला. चिडलो हे खरेच. पण मला नियमांचा तिटकारा नाही. कठड्यावरची कुंडी खालच्या पोराच्या डोक्यात पडू शकते. ती उचललीच पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा आहे. त्याखालच्या आदर्श उपविधींत समितीच्या परवानगीवाचून बांधकामात फेरफार करू नये असे आहे, आणि ते योग्यच आहे. एकाने गॅलरी फोडून खोली केली की भार साऱ्या इमारतीवर पडतो आणि गळती खालच्याच्या छतातून उतरते. भिंत सर्वांची आहे, हे मी मान्य करतो.

परंतु रांगोळीने कोणती भिंत खचते? ती सकाळी काढतात आणि दुसऱ्या सकाळी पुसतात. कंदील पाच-सात दिवस झुलतो आणि उतरतो. जे टिकणार आहे, ज्याचा भार किंवा उपद्रव दुसऱ्याला होणार आहे, त्यावर समितीने जरूर बोलावे. जे उद्या नाहीसे होणार आहे त्यावरही समितीच बोलू लागली, तर माणसाने स्वतःचे म्हणून काय करायचे? मी चिटणिसांना हेच विचारले. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "काका, बाहेरून सगळे एकसारखे दिसले की फ्लॅटला भाव चांगला येतो." म्हणजे आमची दिवाळी गिऱ्हाइकासाठी होती! जो माणूस अजून आलेला नाही, आणि आला तर या घरातून कोणाला तरी उठवूनच राहायला येणार आहे, त्याच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून माझ्या सुनेने रांगोळीचा डबा माळ्यावर टाकायचा.

घराचा दर्शनी भाग पाहुण्यासाठी रंगवण्याची रीत जुनी आहे म्हणा. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून जयपूर गुलाबी रंगवले असे सांगतात. पाहुणा गेला, रंग राहिला, आणि तटाच्या आतल्या जुन्या शहरात आजही तो नियमाने राखावा लागतो. तिथे निदान शहराला नाव मिळाले. २०१९ साली ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियम झाले, तेव्हा मालकाला दर्शनी भाग राखायला लावताना बुडालेल्या बांधकामाच्या हक्काच्या बदली दुसरीकडे हक्क देण्याची सोय तरी ठेवली. घेतले तर काही दिले. पांढऱ्या कंदिलाचे तर पैसेही आमच्याकडूनच घेतले.

हे खूळ शहरातच राहिले असते तर मी लेखणी उचलली नसती. पण ते गावाकडे येऊ लागले आहे. वऱ्हाडातल्याच एका गावात (आमचे कामरगाव नव्हे) कसल्याशा स्पर्धेची तपासणी समिती येणार होती. मुख्य गल्लीतल्या साऱ्या घरांना एकच रंग द्यायचे ठरले. ज्याचे घर सिमेंटचे त्याने दोन डबे आणले आणि मोकळा झाला. गल्लीच्या मध्यावर एका विधवा बाईचे मातीचे घर होते. मातीच्या भिंतीवर डब्यातला रंग धरत नाही. पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. ती आपली पांढऱ्या मातीने सारवून, खाली गेरूचा पट्टा ओढून दिवाळी करी. मग पुढाऱ्यांनी काय करावे? मांडववाल्याकडून गुलाबी पडदा आणून तिच्या घरापुढे ताणला! समिती आली, चहा प्याली, गेली. पुढे मी त्या बाईंना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "कमिटीले माहं घर दिसलं नाही, अन् मले कमिटी दिसली नाही."

त्या बाईंचे नाव घरकुलाच्या यादीत आहे. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली आली. पंचवीस चौरस मीटरचे पक्के घर आणि सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये, असे तिचे गणित होते. दारात आलेल्या साहेबाला, माझा नंबर कधी लागणार, एवढेच त्यांना विचारायचे होते. गावाची शोभा राखण्यासाठी ताणलेल्या पडद्याने तो प्रश्न झाकला.

आणि मातीच्या घराचे गोडवे मला गायचे नाहीत. दोन हात जाड भिंत वैशाखात गारवा देते हे मी अनुभवले आहे, तसेच श्रावणात त्याच भिंतीचा कोपरा मध्यरात्री बसतो तेव्हा काय होते तेही अनुभवले आहे. दुरून कौतुक करणाऱ्यांनी एक पावसाळा तिच्याखाली झोपावे. बाईंना सिमेंटचे घर हवे आहे आणि ते मिळाले पाहिजे. त्यांना रंग नको होता.

ग्रामपंचायतीला अधिकार नाहीत असे नाही. १९५८ च्या अधिनियमात बांधकामाच्या परवानगीचे कलम ५२ आहे, रस्त्यावरच्या अडथळ्यांचे आणि अतिक्रमणांचे कलम ५३ आहे. कोणाचा ओटा बैलगाडीच्या वाटेत आला तर तो काढायला लावा. कोणाचे सांडपाणी गल्लीत वाहते ते बंद करा. गंमत अशी की ही कामे कोणी करीत नाही. ओटा बहुधा वजनदार माणसाचा असतो. रंगाचा हुकूम गरिबावर सोडणे सोपे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. त्यांच्या नावाचे स्वच्छता अभियान राज्याने २००० साली काढले. बाबांनी कोणाच्या भिंतीपुढे पडदा लावला असता, असे तुम्हाला वाटते का?

आमच्या तालुक्याच्या गावी, कारंज्याला, नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाला लोक लांबून येतात. आजूबाजूच्या गल्ल्यांतून हिंडा: एक लाकडी माडी, शेजारी विटांची भिंत, पलीकडे नवी गच्ची. कोणी कोणासारखे नाही, आणि गल्ली मात्र एक आहे.

यंदा आम्ही कामरगावातच आहोत. कंदील दाराशी लागला आहे, कोपरा वाकडाच आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी मुलाच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. सहकारी संस्थेत शेवटचा अधिकार सभेचा, समितीचा नव्हे. रांगोळी आणि कंदील नियमातून वगळावेत असा अर्ज मी त्याला लिहून धाडला आहे. परवा फोनवर सून म्हणाली, त्यांनी वाचला, बाबा, पण सही अजून केलेली नाही.