रोपं मोजली, माती कोण मोजणार?

टेकडीवरच्या नव्या कोऱ्या फलकावर लावलेल्या रोपांचा आकडा होता, जगलेल्यांचाही होता. फलकापासून चार पावलांवर एक चपटा दगड इंचभर उंच मातीच्या खुंटावर उभा होता, भूछत्रासारखा. दगडाखालची माती तेवढी शाबूत, भोवतालची पावसानं नेलेली. तो इंच फलकावर कुठून येणार?

एका हेक्टरवरून मातीचा एक मिलिमीटर थर गेला, तरी बारा-पंधरा टन माती गेली. देशाची वर्षाची सरासरी धूप १९८३ साली हेक्टरी सोळा टनांच्या आसपास काढली होती, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर. डोळ्यांना दिसत नाही ते हेच.

मोजायला उपग्रह लागत नाही. हातभर लोखंडी सळई आणि एक वॉशर. मृगाआधी सळई उतारावर ठोकायची, वॉशर जमिनीला टेकवायचा, सळईचा वर उरलेला भाग पट्टीनं मोजायचा. पावसाळा सरला की वॉशर जितका खाली उतरला, तितकी माती गेली. त्याच्यावर गाळ चढला असेल, तर आधी गेली आणि मग वरून आली. एकट्या सळईवर मात्र विसंबू नये. शेळीचा खूर लागला तरी ती खोटं बोलते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत रांगा हव्यात, आणि शेजारच्या उघड्याबोडक्या उतारावरही तेवढ्याच. नाहीतर कमी पावसाच्या वर्षाचं श्रेय आपण रोपांना देऊन बसतो.

समतल चरातल्या गाळाचं तर भलतंच कौतुक चालतं: बघा, किती माती अडवली! अडवली खरी, पण ती वरच्या उतारानं गमावली म्हणूनच ना? चर दरवर्षी कमी भरला पाहिजे. तो कमी भरतो ते गवतामुळे. सागाच्या रुंद पानावरून निथळणारा थेंब टपोरा होऊन पडतो. खाली पाचोळा नसेल, वणव्यात जळून गेला असेल, तर तो माती उडवतोच. पवन्या, मारवेलसारखं गवत दाटलं की ते थांबतं. हिवरे बाजार गावानं कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदीही केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, त्यातली मेख ही. आपण नक्कल करतो ती झाडांची.

गेल्या वर्षी आम्ही ठोकलेल्या वीस सळयांपैकी सात भंगारात गेल्या. यंदा पट्टी आणि वही गुराख्यांच्या पोरांकडेच दिली आहे. मोजणी दसऱ्यानंतर.